लक्झेंबर्गला राहायला येताना: कागदांचा क्रम, घर आणि पहिले तीन महिने

लक्झेंबर्गच्या नोकरीचं पत्र हातात पडलं की लगेच विमानाचं तिकीट काढू नका. युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला या देशात पाऊल ठेवण्याआधीच इथल्या इमिग्रेशन खात्याची तात्पुरती निवास परवानगी मिळालेली असावी लागते. ‘आधी टुरिस्ट व्हिसावर जाऊ, मग तिथूनच अर्ज करू’ असं सुचवणारे लोक भेटतात. त्यांचं ऐकू नका.

मी नाशिकहून इथे आले तेव्हा थंडीच्या कपड्यांबद्दल सगळ्यांनी सांगितलं, क्रमाबद्दल कोणीच सांगितलं नाही. इथलं प्रत्येक काम आधीच्या कामावर उभं असतं. पत्ता नसेल तर नोंदणी होत नाही, नोंदणी नसेल तर निवास परवाना मिळत नाही, आणि या दोन्हींशिवाय बँक तुम्हाला ताटकळत ठेवते. एक पायरी गाळली की पुढच्या तीन अडतात. म्हणून हा लेख त्या क्रमानेच लिहिला आहे.

देश केवढा, तर २,५८६ चौरस किलोमीटर. आपल्या पुणे जिल्ह्याचा साधारण सहावा हिस्सा. लोकसंख्या सात लाखांच्या आत आणि त्यातले जवळजवळ निम्मे लोक परदेशी नागरिक. शिवाय फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून रोज दोन लाखांहून जास्त लोक कामाला येतात आणि संध्याकाळी परत जातात. त्यामुळे इथल्या कार्यालयांना नवख्या माणसाची सवय आहे. तुमचे कागद नीट असतील तर कोणी मुद्दाम अडवत नाही.

निघण्यापूर्वी, भारतात

पहिला प्रश्न कंपनीच्या एचआरला विचारा: माझा अर्ज साध्या नोकरदाराचा की ब्लू कार्डचा? साध्या मार्गात कंपनीला ती जागा ‘अडेम’ या रोजगार संस्थेकडे कळवावी लागते. स्थानिक उमेदवार मिळाला नाही, तर बाहेरच्या माणसाला घेता येईल असा दाखला त्यांना मिळतो. उच्चशिक्षित आणि ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पगार असणाऱ्यांसाठीच्या ब्लू कार्डला ही पायरी नसते. पगाराची मर्यादा वेळोवेळी बदलते. ती ‘गिशे’ या सरकारी संकेतस्थळावर त्या दिवशी जी असेल तीच खरी माना.

आता कागद. पासपोर्टच्या सगळ्या पानांची प्रत, जन्मदाखला, पोलिसांचा ना-गुन्हा दाखला (आपल्याकडे सगळे त्याला पीसीसीच म्हणतात), पदवीची प्रमाणपत्रं, बायोडेटा, सही केलेला करार. कागद फ्रेंच, जर्मन किंवा इंग्रजीत हवेत. नुसत्या मराठीतल्या जुन्या दाखल्याचं अधिकृत भाषांतर करून घ्यावं लागतं. शक्य असेल तर महापालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून नवा द्विभाषिक दाखलाच काढा, भाषांतराचा खर्च वाचतो.

जन्मदाखला, विवाह प्रमाणपत्र आणि पदवी यांवर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का, लागू शकतं. आधी राज्य सरकारच्या संबंधित विभागाचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, अशी ती वाट आहे. यात आठवडे जातात. नोकरीच्या मुलाखती सुरू असतानाच हे काम हाती घ्या. नोकरी नाही मिळाली तरी ते कागद वाया जात नाहीत.

नावांचा घोळ हा आपल्या लोकांचा खास प्रश्न आहे. जन्मदाखल्यावर फक्त पाळण्यातलं नाव आणि वडिलांचं नाव असतं, पासपोर्टवर वडिलांचं नाव आपल्या नावाला चिकटलेलं असतं, पदवीवर आडनाव आधी असतं. लग्नानंतर आडनावच नव्हे तर पहिलं नावसुद्धा बदललेल्या बायका आपल्याकडे आहेत. समोरच्या कर्मचाऱ्याला या चार कागदांवरची बाई एकच आहे हे कसं कळणार? नाव बदलल्याचं गॅझेट आणि विवाह प्रमाणपत्र दोन्ही सोबत ठेवा. पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच, त्याच क्रमाने, प्रत्येक अर्जात लिहा. कराराच्या मसुद्यातही ते तसंच आलंय ना, हे सही करण्याआधी बघा.

परवानगीचं पत्र आलं की ते ९० दिवस चालतं. त्या मुदतीत डी प्रकारचा, म्हणजे दीर्घ मुक्कामाचा, व्हिसा घेऊन देशात शिरायचं असतं. लक्झेंबर्गचा दूतावास नवी दिल्लीत आहे. भारतातून थेट विमान नाही, बहुतेक जण फ्रँकफर्ट, झुरिक, ॲम्स्टरडॅम किंवा इस्तंबूलमार्गे येतात.

निघण्याआधीची दोन कामं लोक हमखास विसरतात. भारतातलं सिम कार्ड बंद करू नका, त्यावर रोमिंग चालू ठेवा. बँकेचा, आधारचा, प्राप्तिकराचा प्रत्येक ओटीपी त्याच नंबरवर येणार आहे. आणि परदेशी राहायला गेल्यावर साधं बचत खातं तसंच ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यावं लागतं. ते फॉर्म घरच्या शाखेत जाऊन आधीच आणा.

घर, म्हणजेच पत्ता

इथलं सगळ्यात अवघड काम घर शोधणं हेच आहे, आणि ते अवघड आहे हे मान्य करून आलात तर कमी त्रास होतो. राजधानीत एका बेडरूमचं घर बहुतेक वेळा दीड हजार युरोंच्या वरच जातं. मालक पगाराच्या तीन पावत्या मागतो आणि नव्याने आलेल्या माणसाकडे त्या नसतात. यावर उपाय एकच: कंपनीकडून पगाराचा आकडा आणि करार कायमस्वरूपी असल्याचा उल्लेख असलेलं पत्र आणायचं. बरेच मालक त्यावर तयार होतात.

पहिले एक-दोन महिने सर्व्हिस अपार्टमेंट किंवा सामायिक घरातली खोली घ्या. मात्र पैसे भरण्याआधी एक गोष्ट लेखी विचारून घ्या: या पत्त्यावर कम्यूनमध्ये (म्हणजे इथली नगरपालिका किंवा ग्रामपंचायत) माझी नोंदणी करता येईल का? काही जागा राहायला देतात पण नोंदणीला नकार देतात. अशी जागा कितीही स्वस्त असली तरी तुमच्या कामाची नाही, कारण पुढची सगळी साखळी तिथेच तुटते.

१ ऑगस्ट २०२४ पासून भाड्याचे नियम बदलले आहेत. अनामत रक्कम आता जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याएवढी घेता येते आणि एजंटचं कमिशन मालक आणि भाडेकरू निम्मं-निम्मं देतात. याहून जास्त मागितलं तर नम्रपणे पण ठामपणे नियम दाखवा. घर ताब्यात घेताना ‘एता दे लिय’ म्हणजे घराच्या स्थितीचा लेखी अहवाल होतो. भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा, ओट्यावरचा प्रत्येक डाग त्यात लिहून घ्या आणि फोटो काढा. फोडणीच्या वाफेने स्वयंपाकघराच्या भिंती पिवळ्या पडतात, आणि निघताना त्याचा हिशेब अनामतीतून होतो. ओट्यावरची चिमणी रोज चालवा.

राहायचं कुठे? राजधानीतच हवं असा हट्ट धरू नका. १ मार्च २०२० पासून देशभरातल्या बस, ट्राम आणि दुसऱ्या वर्गाची रेल्वे सगळ्यांना मोफत आहे. तिकीट नाही, पास नाही, चढायचं आणि बसायचं. त्यामुळे लांब राहिलं म्हणून खर्च वाढत नाही, फक्त वेळ जातो. एश-सुर-अल्झेट, दुदलांज, बेटांबुर्ग, मेर्श, एटेलब्रुक ही सगळी गावं रेल्वेच्या मार्गावर आहेत. विद्यापीठात किंवा एशच्याच बेलव्हाल भागात काम असेल तर एशच सोयीचं. राजधानीतल्या किर्शबेर्ग भागात बँका आणि युरोपीय संस्था आहेत, तिथे ट्राम जाते, आणि २०२५ पासून तीच ट्राम विमानतळापर्यंत पोचते.

सीमेपलीकडे जर्मनीतल्या ट्रियरमध्ये किंवा फ्रान्समधल्या तियोंव्हिलमध्ये घरं स्वस्त आहेत आणि कचेरीतले सहकारी तिथूनच येतात. पण ते युरोपीय नागरिक आहेत. तुमचा निवास परवाना लक्झेंबर्गचा असेल, तर त्याच्या जोरावर जर्मनीत घर थाटता येत नाही. फिरायला आणि खरेदीला खुशाल जा.

पहिला आठवडा

पोचल्यापासून तीन कामाच्या दिवसांच्या आत कम्यूनमध्ये जाऊन आगमनाची नोंद करायची. देशात अशा १०० कम्यून आहेत. राजधानीतल्या कार्यालयाला ‘बिअरगर-सेंटर’ म्हणतात. पासपोर्ट, परवानगीचं मूळ पत्र, भाडेकरार, लग्नाचे आणि मुलांचे दाखले घेऊन जा. लहान गावात हे काम वीस मिनिटांत होतं आणि काउंटरवरची व्यक्ती पुढच्या वेळी तुम्हाला नावाने ओळखते.

त्यानंतर घरी आल्यावर पहिलं काम: टपालपेटीवर आणि दारावरच्या घंटीवर घरातल्या सगळ्यांची नावं लावा. हे मी तळमळीने सांगते. आमच्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव तसंच होतं, आणि बँकेच्या कार्डाचं पाकीट ‘या पत्त्यावर अशी व्यक्ती नाही’ म्हणून परत गेलं. तीन आठवडे गेले. या देशात महत्त्वाचं सगळं टपालानेच येतं, आणि पोस्टमन पेटीवरचं नाव बघतो. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लिहा.

टपालाने येणाऱ्या पहिल्या कागदांत तुमचा ‘मात्रिक्युल’ असेल. हा १३ अंकी राष्ट्रीय ओळख क्रमांक, आणि त्याचे पहिले आठ अंक म्हणजे तुमची जन्मतारीख: वर्ष, महिना, दिवस. ती चुकलेली नाही ना हे लगेच तपासा. डॉक्टर, शाळा, कर, सगळीकडे हाच आकडा विचारतात. महिन्याभरात तो तोंडपाठ होतो.

याच आठवड्यात वैद्यकीय तपासणीची वेळ घ्या. एक तपासणी इथल्या डॉक्टरकडे आणि दुसरी क्षयरोगाची. दोन्हींचे निकाल सरकारी आरोग्य विभागाकडे जातात. मग आगमनापासून तीन महिन्यांच्या आत निवास परवान्याचा अर्ज करायचा. शुल्क ८० युरो. बोटांचे ठसे देण्यासाठी बोलावतात आणि मग कार्ड मिळतं. तीन महिने पुष्कळ वाटतात, पण क्षयरोग तपासणीची वेळ उशिराची मिळाली तर ते झपाट्याने संपतात.

पहिला परवाना साध्या नोकरदाराला जास्तीत जास्त एक वर्षाचा आणि एका क्षेत्रातल्या एका पेशापुरताच मिळतो. मुदत संपण्याच्या दोन महिने आधीची तारीख आजच फोनमध्ये घालून ठेवा, नूतनीकरणाचा अर्ज तेव्हा करायचा असतो. जोडीदारासाठी चांगली बातमी अशी की २०२३ च्या कायद्यानंतर कुटुंब म्हणून आलेल्या जोडीदाराला वेगळा परवाना न काढता नोकरी करता येते. शिकलेल्या बायका इथे वर्षानुवर्षं घरी बसून कंटाळलेल्या मी पाहिल्या आहेत. आता तसं बसायची गरज नाही.

पगार, कर, बँक

बँकेत पासपोर्ट, नोकरीचा करार आणि कम्यूनचा निवास दाखला लागतो. श्पुएरकेस ही १८५६ सालची सरकारी बँक, शिवाय टपाल खात्याची खाती आणि इतर खासगी बँका आहेत. खातं उघडायला वेळ लागला तर घाबरू नका, युरोपातल्या कुठल्याही युरो खात्यात पगार घेता येतो.

बँकेकडूनच ‘लक्सट्रस्ट’ची डिजिटल ओळख मिळते. ती मिळाली की ‘मायगिशे’ या सरकारी खात्यात शिरता येतं आणि पुढची बरीच कामं घरबसल्या होतात. कंपनी तुमची नोंद सामाजिक सुरक्षेच्या कार्यालयात करते, त्यासाठी तुम्हाला फिरावं लागत नाही. कराचं कार्ड मात्र एचआरपर्यंत पोचलं आहे की नाही हे विचारा. ते नसेल तर पगारातून जास्तच कर कापला जातो आणि पहिली पगाराची पावती पाहून धसका बसतो. विवाहित जोडप्याचा करवर्ग अविवाहितापेक्षा वेगळा असतो, म्हणून विवाह प्रमाणपत्र कम्यूनच्या नोंदीत गेलेलं असणं इथेही कामाला येतं.

इथे ‘इंडेक्स’ हा शब्द कँटीनमध्ये सतत ऐकू येईल. महागाईचा निर्देशांक २.५ टक्क्यांनी वर गेला की देशातले सगळे पगार, खासगी कंपन्यांतलेसुद्धा, तेवढ्याच टक्क्यांनी आपोआप वाढतात. ही वाढ कायद्याने मिळते, त्यामुळे कंपनीने तिला स्वतःची वेतनवाढ म्हणून दाखवलं तर फरक ओळखा. वर्षाला किमान २६ दिवस रजा आणि ११ सार्वजनिक सुट्ट्या आहेत. सुट्टी रविवारी आली तर तिच्याऐवजी दुसरा दिवस मिळतो.

भारत आणि लक्झेंबर्ग यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार आहे, म्हणून इथल्या निवृत्तिवेतनाच्या नोंदी आणि भारतातले पीएफचे कागद दोन्ही जपून ठेवा.

आजारपण

आरोग्य विमा सीएनएस या राष्ट्रीय निधीचा. पद्धत अशी की डॉक्टरला पैसे आपण द्यायचे, पावती घ्यायची, ती निधीकडे पाठवायची आणि मोठा हिस्सा खात्यात परत येतो. पावत्या साठवत बसू नका, दर महिन्याला पाठवा. आता काही डॉक्टर थेट निधीकडूनच पैसे घेतात, आधी विचारून बघा. वेळ घ्यायला डॉक्टेना हे ॲप चालतं आणि त्यात डॉक्टरला कुठली भाषा येते तेही दिसतं. रात्री आणि शनिवार-रविवारी ‘मेझाँ मेदिकाल’ हा डॉक्टरांचा दवाखाना उघडा असतो, जिवावरचं दुखणं असेल तर ११२ हा नंबर फिरवा.

आजारी पडलात तर पहिल्याच दिवशी कंपनीला कळवा. डॉक्टरचं प्रमाणपत्र तिसऱ्या दिवसापर्यंत कंपनीकडे आणि सीएनएसकडे पोचलं पाहिजे. ‘मेसेज टाकला होता’ एवढ्याने इथे भागत नाही. भारतातून औषधं आणणार असाल तर चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, इथल्या फार्मसीत तेच ओळखतात.

मुलं आणि शाळा

चार वर्षांच्या मुलाला शाळा सक्तीची आहे. सरकारी शाळेत सुरुवात लक्झेंबर्गी भाषेत होते, सहाव्या वर्षी लिहा-वाचायला जर्मनमधून शिकवतात आणि मग फ्रेंच वाढत जाते. लहान मूल हे सहज पेलतं, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दहा-अकरा वर्षांचं मूल मात्र एकदम जर्मन गणितात टाकू नका. त्यांच्यासाठी सरकारी युरोपीय शाळा आहेत, इंग्रजी विभाग असलेल्या आणि मोफत. पहिली २०१६ मध्ये दिफेरदांजला सुरू झाली. जागा लवकर भरतात, म्हणून घर ठरवण्याआधी शाळा बघा. शाळेनंतर मुलांना सांभाळणाऱ्या ‘मेझाँ रले’मध्ये जेवणही असतं. नावनोंदणीच्या फॉर्ममध्ये शाकाहारी असल्याचं स्पष्ट लिहा आणि अंडं चालतं की नाही तेही लिहा, कारण इथे शाकाहारात अंडं धरतात.

भाषा

ऑफिसात इंग्रजी पुरते, आणि तिथेच बरेच जण थांबतात. दुकानात, बसमध्ये, नळदुरुस्तीवाल्याशी फ्रेंच लागते. कायदे फ्रेंचमध्ये असतात. शाळेच्या गेटपाशी, गावच्या सभेत, शेजारच्या आजोबांच्या ओठांवर लक्झेंबर्गी असते. पहिल्या वर्षी कामापुरती फ्रेंच शिका, पण लक्झेंबर्गीला दुसऱ्या वर्षाच्या पलीकडे ढकलू नका. सकाळी लिफ्टमध्ये ‘मोयेन’ आणि निघताना ‘ॲडी’ एवढ्यानेही चेहरे बदलतात.

मराठी माणसाला या भाषेत एक गोष्ट आयती येते. इंग्रजीभाषक इथल्या आकड्यांना दचकतात, कारण लक्झेंबर्गीत एकवीसला ‘एक आणि वीस’ म्हणतात, एकक आधी. आपण जन्मापासून तसंच म्हणत आलोय: एकवीस, बावीस, तेवीस.

लक्झेंबर्गी शिकण्यासाठी नोकरदाराला एकूण २०० तासांपर्यंत भाषा-रजा मिळू शकते, त्या कंपनीत सहा महिने झाले की अर्ज करता येतो. पाच वर्षं राहिल्यानंतर नागरिकत्व मागायचं असेल तर हीच भाषा तपासतात. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणजे भारतीय पासपोर्ट सोडून ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) घ्यावं लागतं. हा निर्णय घरातल्या थोरांशी बोलून, घाई न करता घ्या. पासपोर्टची कामं ब्रसेल्सच्या भारतीय दूतावासातून होतात. स्थानिक निवडणुकीत मत द्यायला मात्र नागरिकत्व लागत नाही. कम्यूनमध्ये मतदार म्हणून नाव नोंदवलं की झालं, आणि २०२२ नंतर त्यासाठी पाच वर्षं थांबण्याचीही अट राहिलेली नाही.

घरात

शेगडी बहुतेक ठिकाणी इंडक्शन किंवा सिरॅमिक असते. ॲल्युमिनियमचा कुकर आणू नका, इंडक्शनला चालणारा स्टीलचा आणा. भारतातला मिक्सर चालतो, पण त्याची जाड तीन पिनांची प्लग इथल्या बोर्डात बसत नाही. तूरडाळ, कढीपत्ता, पोह्यांसाठी राजधानीच्या स्टेशन परिसरातली भारतीय दुकानं आहेत. ज्वारीचं पीठ कधी मिळतं, कधी नाही. गोडा मसाला आईकडूनच आणा.

प्लास्टिक, डबे आणि दुधाची खोकी व्हालोर्लुक्स या पुनर्वापर संस्थेच्या निळ्या पिशवीत जातात. कुठला कचरा कुठल्या दिवशी, याचं कॅलेंडर कम्यून देते. ते फ्रिजवर लावा. रात्री दहानंतर कुकरची शिट्टी आणि वॉशिंग मशीन नको, भिंती पातळ असतात. बर्फ पडला की घरासमोरचा फुटपाथ साफ करणं तिथे राहणाऱ्याचं काम असतं. डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो, तेव्हा दुपारच्या सुट्टीत पंधरा मिनिटं तरी बाहेर चाला.

आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये गावात ‘बुअर्गब्रेनेन’ची पाटी दिसली तर जा. कार्निव्हलनंतरच्या पहिल्या रविवारी टेकडीवर लाकूड आणि गवत रचून मोठी आग पेटवतात, थंडीला निरोप देतात. आपल्या होळीच्या आसपासच येतं हे. लोक पेला हातात घेऊन गोल उभे असतात. पहिल्या वर्षी मी मुलीला घेऊन गेले, तिने सवयीने तोंडावर हात नेऊन बोंब मारली, आणि शेजारच्या बाईने वळून विचारलं की तुमच्याकडेही असं पेटवतात का. त्या गावात माझी पहिली लांब गप्पा मारलेली संध्याकाळ ती.